कुलूप तीनदा ओढणारे अण्णा आणि माझा मंत्रचळ

माझे वडील, अण्णा, घराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघतात. तीन हिसके, मग किल्ली शर्टाच्या आतल्या खिशात. एसटी चुकायची वेळ आली तरी हे तीन हिसके चुकायचे नाहीत. आई रात्री ओटा पुसून झाला की सिलिंडरचं बटण बंद करायची आणि जाता जाता पुन्हा एकदा तिकडे नजर टाकायची. अशा घरात वाढल्यामुळे मी गॅस दोनदा बघते याचं कुणालाच कधी काही वाटलं नाही, मलाही नाही. पुढे सांगलीतल्या एका पतसंस्थेत रोखपाल म्हणून लागले, तेव्हा तर हाच गुण मोजला गेला. "पोरगी काळजीनं काम करते," असं सगळे म्हणायचे.

४ ऑक्टोबर २०२३ ला मिरजेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी मला ओसीडी असल्याचं सांगितलं, म्हणजे नको ती शंका पुन्हा पुन्हा येण्याचा आणि तिच्यापायी तीच कृती पुन्हा पुन्हा करण्याचा आजार. त्याला आता चौदा महिने झाले. या चौदा महिन्यांत काय काय झालं, कुठे वाट चुकले, किती पैसे लागले ते लिहून ठेवते आहे. त्या वर्षी रात्री दोन-दोन वाजता मी मराठीत हेच शोधत बसायचे. जे सापडायचं ते एक तर इंग्रजीत असायचं, नाही तर "मन खंबीर ठेवा" एवढंच सांगणारं.

कधी सुरू झालं ते नेमकं सांगता येत नाही. पण वाढलं कधी, ते आठवतं. ऑगस्ट २०१९ चा महापूर. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती आणि गणपती पेठेत पाणी शिरलं होतं. आम्ही कर्मचाऱ्यांनी हाताला लागतील तेवढी खातेवह्यांची गाठोडी वरच्या मजल्यावर नेली आणि निघालो. घरी पोहोचल्यावर मनात आलं, तिजोरी नीट बंद केली का मी? पाणी ओसरेपर्यंत जाऊन बघणं शक्य नव्हतं. आठ दिवस मी त्या एका प्रश्नावर काढले. तिजोरी बंदच होती. पण तो "का?" गेलाच नाही. तो घरी आला, गॅसपाशी, दारापाशी, इस्त्रीच्या बटणापाशी येऊन बसला. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की पुरामुळे आजार झाला असं म्हणता येणार नाही. कल आधीपासून असतो, ताणाच्या काळात तो डोकं वर काढतो.

२०२२ पर्यंत माझं सकाळी घरातून निघणं पाऊण तासाचं झालं होतं. मग एक युक्ती सुचली, मोबाइलमध्ये रेग्युलेटरचा फोटो काढायचा. पहिले चार दिवस फार सुटल्यासारखं वाटलं. पाचव्या दिवशी ऑफिसच्या बाथरूममध्ये उभी राहून मी तो फोटो बोटांनी मोठा करून बघत होते. बटण बंदच्या खुणेवर आहे ना? आहे. पण हा फोटो आजचाच ना? वेळ बघितली, सकाळी ९:१२. आजचाच. पण फोटो काढल्यावर माझाच हात लागून बटण फिरलं असेल तर? त्यावर कुठलाच फोटो पुरत नव्हता. उपचार सुरू झाले त्या आठवड्यात मोजले, फोनमध्ये रेग्युलेटरचे १,३४० फोटो होते. सगळे एकाच कोपऱ्यातून काढलेले, त्याच हिरव्या फरशीवर, फक्त सिलिंडर बदललेला.

कामाचंही तसंच. आमच्याकडे नियम आहे, रोकड एकदा मशीनवर मोजायची, एकदा हातानं, मग रजिस्टरवर सही. मी तिसऱ्यांदा मोजायला लागले, मग पाचव्यांदा. मार्च २०२३ च्या वर्षअखेरीला शिपाईमामा दिवे घालवायला थांबले होते आणि मी पाचशेच्या एकाच बंडलावर अडकले होते. आकडा दर वेळी तोच येत होता. आकडा बरोबर आहे हे मला कळत होतं, पण ते मनाला पटत नव्हतं. हे ज्यानं अनुभवलं नाही त्याला समजावणं अवघड आहे. शंका खोटी आहे हे माहीत असतं, आणि तरीही हात परत बंडलाकडे जातो.

मग आली गाडी. मी विश्रामबागेत राहते, गावात पतसंस्थेपर्यंत स्कूटरनं जाते. २१ जुलै २०२३, शुक्रवार, संध्याकाळचे साडेसहा, रिमझिम चालू होती. एका शाळेपुढच्या गतिरोधकावर गाडी दणकली आणि मनात आलं, हा गतिरोधकच होता ना? की कुणी होतं? पुढच्या चौकातून वळून आले. रस्ता रिकामा. निघाले. पण मी बघेपर्यंत त्याला कुणी उचलून नेलं असेल तर? परत आले. असं सहा वेळा झालं. सहाव्या फेरीला कोपऱ्यावरच्या पानपट्टीवाल्यानं हाक मारली, "ताई, काय हरवलंय काय वो?" मी त्याला विचारलं, "इथं आत्ता कुणाला लागलं का हो?" तो माझ्याकडे बघतच राहिला. नाही म्हणाला. मी पुन्हा विचारलं, "नक्की ना?" त्यानं दुकानातून उतरून माझ्या गाडीचं हँडल धरलं आणि म्हणाला, "ताई, घरला जावा." त्याच्या आवाजात काळजी होती, आणि त्या काळजीनंच मला रडू आलं.

घरी पोहोचले तेव्हा पावणेनऊ झाले होते. नवऱ्याचे अकरा मिसकॉल होते. त्या रात्री पहिल्यांदा मी सगळं सांगितलं, फोटोंचंही. "गॅस बंद आहे का?" या माझ्या प्रश्नाला "हो, बंद आहे" हे तो रोज तीनदा म्हणत आलाच होता, पण बाकीचं त्याला काही माहीत नव्हतं. सासूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मला वाटलं, आता काहीतरी लागेल असं बोलतील. त्या आत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "अगं, हा मंत्रचळ आहे. माझ्या मावशीला होता. दिवसभर हात धुवायची, बोटांची सालं निघालेली असायची. सगळे हसायचे तिला. डॉक्टरकडे कुणी नेलं नाही. तू जा."

मंत्रचळ हा शब्द मी आधीही ऐकला होता, पण कुणाला तरी चिडवतानाच. त्या रात्री तो आजाराचं नाव म्हणून ऐकला. ओसीडीला मराठीत जुना शब्द आहे, म्हणजे आपल्या पणज्यांनाही हे होत होतं, याचा मला विचित्र असा आधार वाटला.

तरीही थेट मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं धाडस झालं नाही. आधी नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. "झोप नाही, धडधड होते" एवढंच सांगितलं, खरं सांगितलंच नाही. थायरॉइड आणि बी-१२ तपासलं, १,१०० रुपये, दोन्ही ठीक. कामाचा ताण आहे म्हणाले आणि पंधरा दिवसांच्या झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. झोप लागली, पण उठल्यावर गॅस होताच. ऑगस्ट तसाच गेला. अर्धी चूक माझीच. जे सांगितलंच नाही ते डॉक्टरांना कळणार कसं?

ऑगस्टच्या अखेरीस एका रात्री १४४१६ या नंबरवर फोन केला. ही सरकारची टेली-मानस सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. पलीकडच्या बाईंनी नाव सांगायची सक्ती केली नाही. मी वीस-पंचवीस मिनिटं बोलले. त्यांनी निदान केलं नाही, पण दिवसाचा किती वेळ जातो, नोकरीवर परिणाम होतो का, जीव नकोसा वाटतो का, हे शांतपणे विचारलं आणि मानसोपचारतज्ज्ञांना दाखवाच म्हणाल्या. ज्यांना खासगी फी परवडत नाही त्यांनी जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातला मानसोपचार विभाग गाठावा, हेही त्यांनीच सांगितलं. अनोळखी माणसाशी एकदा तोंडानं बोलून झालं की पुढचं सोपं जातं, हा माझा अनुभव.

१५ सप्टेंबरला मिरजेतल्या डॉक्टरांची वेळ मागितली, मिळाली ४ ऑक्टोबरची. एकोणीस दिवस. या दिवसांत एक गोष्ट केली ती फार उपयोगी पडली. चार दिवस वहीत टिपून ठेवलं, किती वाजता, काय तपासलं, किती वेळा, किती मिनिटं. समोरासमोर बसून "मला वाटतं माझ्या गाडीखाली माणूस आला" असं म्हणायला जीभ वळणार नाही हे मला माहीत होतं. चार दिवसांची सरासरी निघाली तीन तास वीस मिनिटं. वहीत लिहिलेला तो आकडा मी बराच वेळ बघत बसले होते. रोजचे तीन तास वीस मिनिटं माझ्या मुलीच्या वाट्याचे होते.

दवाखान्याच्या बाकावर सगळे खाली बघून बसलेले. दोन बायकांनी तोंडाला स्कार्फ गुंडाळलेला, मीही. पहिल्या भेटीची फी ८००, नंतरच्या प्रत्येक भेटीची ५००. डॉक्टरांनी वही पूर्ण वाचली. मग दहा प्रश्न विचारले, पाच विचारांबद्दल, पाच कृतींबद्दल. किती वेळ जातो, किती अडथळा होतो, किती त्रास होतो, तुम्ही विरोध किती करता, ताबा किती राहतो. प्रत्येकाला शून्य ते चार गुण. या मोजपट्टीला येल-ब्राउन स्केल म्हणतात, १९८९ पासून वापरात आहे. चाळीसपैकी माझे २६ आले. २४ ते ३१ म्हणजे तीव्र.

मी म्हटलं, "पण आमच्या घरात सगळेच असे आहेत. माझे वडील कुलूप तीनदा ओढतात."

"मग त्यांना काय वाटतं तेव्हा?" डॉक्टरांनी विचारलं. मला माहीत नव्हतं. "विचारून बघा."

दवाखान्याच्या पायऱ्यांवरूनच फोन लावला. अण्णांना प्रश्नच कळेना. "काय वाटायचंय? ओढतो, लागलंय म्हणतो, चालू पडतो." मी विचारलं, वाटेत आठवतं का? "छे! कोपऱ्यावर गेलं की कुलूप डोक्यात नसतं. तेव्हा एसटी मिळंल का, ते असतं."

सवय आणि आजार यांतला फरक मला आजवर कुणी इतका स्वच्छ सांगितलेला नाही. डॉक्टरांनी पुढच्या भेटीत त्यांच्या भाषेत तेच सांगितलं. रोज तासाभराहून जास्त वेळ खाणारं, किंवा जीवाला फार त्रास देणारं, किंवा काम-घर-नाती अडवणारं असेल तर ते आजारात मोजतात. किती वेळा तपासता हा एकच निकष नव्हे. अण्णांना तीन हिसक्यांनी समाधान मिळतं. मला तीसनेही मिळत नव्हतं, आणि प्रत्येक वेळी तपासल्यावर पुढची शंका जास्त जोरात यायची. टापटिपीचा हट्ट धरणारी माणसंही वेगळी, त्यांना आपलंच बरोबर वाटत असतं. "तुम्हाला हे चूक आहे हे कळतंय, म्हणून तर तुम्ही इथे आलात," डॉक्टर म्हणाले.

म्हणूनच कुणी रांगेत चपला लावून "मी पण थोडी ओसीडी आहे" म्हटलं की मला अजूनही दुखतं. त्यांच्या मनात वाईट नसतं, मला माहीत आहे. पण ते ऐकूनच मी चार वर्षं समजत राहिले की हा स्वभाव आहे आणि तो मीच सुधारायचा आहे.

गोळी सुरू झाली, सर्ट्रालिन. २५ मिलिग्रॅमपासून हळूहळू वाढवत जानेवारीपर्यंत १५०. नैराश्यात जेवढा डोस पुरतो त्याहून ओसीडीत बऱ्याचदा जास्त लागतो आणि गुण यायला आठ ते बारा आठवडे जातात, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं ते फार बरं केलं. कारण पहिले दोन आठवडे वाईट होते. मळमळ, पोट बिघडलेलं आणि धडधड उलट वाढलेली. जेवणाला हात लावावासा वाटला नाही. आधी सांगितलेलं नसतं तर मी तिसऱ्या दिवशीच गोळी सोडली असती. तुम्हाला कुठली गोळी आणि किती, ते तुमचे डॉक्टरच ठरवतील, माझ्या डोसवरून काही ठरवू नका. आणि बरं वाटलं तरी आपल्या मनानं एकदम बंद करू नका.

डिसेंबरच्या सुरुवातीला एका सकाळी गाडी चालवताना लक्षात आलं की गॅसचा विचार आला होता आणि गेला होता. मी त्याच्यामागे गेले नव्हते. गोळीनं विचार थांबले नाहीत, त्यांचा आवाज कमी झाला.

पण गोळीबरोबर थेरपीही हवी, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि तिथे माझे दोन महिने गेले. ओसीडीसाठी ज्या पद्धतीचा सर्वांत जास्त उपयोग होतो तिला ईआरपी म्हणतात. ज्याची भीती वाटते त्याला जाणूनबुजून सामोरं जायचं आणि तपासण्याची कृती मात्र करायची नाही. जवळ जे समुपदेशक मिळाले त्यांच्याकडे दोनदा गेले, प्रत्येकी ७०० रुपये. दीर्घ श्वास घ्या, सकारात्मक विचार करा, गॅस बंद आहे असं स्वतःला समजवा, असं त्यांनी सांगितलं. मी समजवायला लागले आणि ते समजावणंच दिवसातून शंभर वेळा व्हायला लागलं. माणूस चांगला होता, पण या आजाराला ती पद्धत लागू पडत नव्हती. त्यामुळे आता कुणी विचारलं तर मी सांगते, फी विचारायच्या आधी फोनवर तीन गोष्टी विचारा. ओसीडीसाठी ईआरपी करता का? याआधी किती जणांबरोबर केली आहे? घरी करायला काय देता? आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी आहे का तेही विचारायला लाजू नका.

शेवटी पुण्याच्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मिळाल्या, व्हिडिओ कॉलवर. १८ जानेवारी २०२४ ला पहिलं सत्र. एका सत्राचे १,२००. पहिली दहा दर आठवड्याला, मग पंधरवड्याने, एकूण सोळा.

पहिल्या सत्रात त्यांनी विचारलं, "तुम्हाला वाटतं का, असे विचार फक्त तुम्हालाच येतात?" मी हो म्हटलं. त्यांनी सांगितलं की १९७८ साली रॅकमन आणि डिसिल्वा या दोन संशोधकांनी आजार नसलेल्या माणसांनाच विचारलं होतं, आणि बहुतेकांना असेच नको ते विचार येत होते. कुणाला ढकलून देण्याचे, अपघाताचे, अभद्र बोलण्याचे. मजकुरात फार फरक नव्हता. फरक होता तो विचार किती वेळा येतो, किती टोचतो आणि झटकता येतो का, यात. त्या रात्री मी बऱ्याच महिन्यांनी शांत झोपले.

मग आम्ही उतरंड मांडली. कुठल्या प्रसंगाची भीती शंभरपैकी किती. इस्त्री एकदाच बघून निघणं, ४०. गॅस एकदाच बंद करणं, ६५. फोटो न काढता घराबाहेर पडणं, ७५. तो गतिरोधक ओलांडून आरशात न बघणं, ९५. खालच्या मडक्यापासून सुरुवात.

गॅसची पहिली रात्र मला आयुष्यभर आठवेल. बटण एकदा बंद करायचं, मागे वळायचं नाही, हॉलमध्ये येऊन बसायचं आणि दर पाच मिनिटांनी भीतीला गुण देऊन वहीत लिहायचे. ८५, ९०, ९०, ९०. तळहात ओले झाले, पेन घसरत होतं. नाकाला गॅसचा वास येतोय असं खरोखर वाटत होतं. नवरा समोर बसला होता, पण त्याला "बंद आहे" म्हणायची बंदी होती. माझी शंका आली की त्यानं उत्तर द्यायचं, हेही आजाराला खाऊ घालणंच असतं, असं पुण्याच्या बाईंनी त्याला समजावलं होतं. त्याऐवजी त्यानं म्हणायचं वाक्य ठरलं होतं, "हा प्रश्न मंत्रचळाचा आहे, तुझा नाही. मी इथे बसलोय." ते म्हणताना त्याचे डोळे भरले होते. ८०, ७०, ६०, ५५, ४०. पाऊण तास. आठव्या रात्री सुरुवातच ६० पासून झाली आणि वीस मिनिटांत २५ वर आली. मुलगी, नऊ वर्षांची, रोज येऊन विचारायची, "आई, आज किती?" आणि स्वतः आकडा लिहायची. वहीतले निम्मे आकडे तिच्या अक्षरात आहेत.

भीती दर वेळी उतरेलच असं नाही, हेही बाईंनी सांगून ठेवलं होतं. शंभर टक्के खात्री मिळवणं हे ध्येयच नव्हतं. खात्री नसताना निघता येणं, पोळ्या लाटता येणं, मुलीचा अभ्यास घेता येणं, हे ध्येय होतं.

गाडीचं सर्वांत कठीण गेलं. त्यासाठी मला माझ्याच आवाजात एक मजकूर फोनवर रेकॉर्ड करायला लावला. "आज माझ्या गाडीखाली कदाचित कुणी आलं असेल. मी परत जाऊन बघणार नाही. मला कधीच नक्की कळणार नाही." रोज वीस मिनिटं ऐकायचं. पहिल्या दिवशी दुसऱ्या वाक्याला मी इअरफोन काढून फेकला. तिसऱ्या आठवड्यात ऐकता ऐकता मी मेथी निवडत होते आणि मजकूर संपल्याचं लक्षातही आलं नाही. त्यानंतर त्या गतिरोधकावरून रोज एकदा गेले, एकटीनं, न वळता.

ऑफिसात सांगावं की नाही, यावर फार विचार केला. रजेसाठी डॉक्टरांनी दाखला देताना आजाराचं नाव न घालता "उपचार चालू आहेत" एवढंच लिहिलं, तशी विनंती करता येते. फक्त व्यवस्थापकांना मी खरं सांगितलं. त्यांनी आपुलकीनं सुचवलं, रोज शेवटी दुसरं कुणीतरी मोजून देईल. मला हायसं वाटलं. बाई मात्र नाही म्हणाल्या. संस्थेचा नियम दोनदा मोजायचा, तेवढं मोजा, सही करा आणि उठा. दोनदा मोजणं ही माझी नोकरी, तिसऱ्यांदा मोजणं हा आजार. ही रेघ इतकी सरळ आखून मिळाल्यावर मला काम करणं सोपं झालं. गॅसलाही तशीच रेघ आखली, प्रवासाला जाताना एकदा बघायचं, बाकी दिवशी बंद केला की झालं.

सगळं चढतं नव्हतं. मार्च २०२४ ची वर्षअखेर आली आणि एका संध्याकाळी मी बंडल सात वेळा मोजलं. घरी येऊन वाटलं, सगळं पाण्यात गेलं. दोन आठवडे वही उघडली नाही. बाईंनी त्या दिवसाचंही सत्र लावलं आणि एवढंच विचारलं, "आठव्यांदा मोजताना काय झालं?" आठव्यांदा मी मोजलं नव्हतं, उठले होते. तिथून पुन्हा सुरू केलं. पावसाळ्यात नदीचं पाणी वाढायला लागल्यावरही आठवडाभर तसंच झालं, पण त्या वेळी मी दुसऱ्याच दिवशी बाईंना कळवलं.

विम्याचं थोडक्यात सांगते. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम २१ प्रमाणे विमा कंपन्यांनी मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच विमासंरक्षण द्यायचं आहे. पण माझी पॉलिसी फक्त रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या खर्चाची, त्यामुळे बाहेरून घेतलेल्या उपचाराचे पैसे मिळाले नाहीत. एजंटनं फोनवर "मानसिक आजार बसतच नाही" असं सांगितलं होतं, ते खरं नव्हतं. उत्तर लेखी मागा. चौदा महिन्यांचा माझा खर्च असा झाला, थेरपी १९,२००, मिरजेच्या डॉक्टरांच्या दहा भेटी ५,३००, गोळ्या अंदाजे ७,७००, तपासण्या १,१०० आणि आधीचे समुपदेशक १,४००. एकूण ३४,७०० रुपये. आमच्यासारख्या घराला ही रक्कम लहान नाही. वर्षभर मी भिशीतून बाहेर होते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये डॉक्टरांनी पुन्हा तेच दहा प्रश्न विचारले. ११ गुण. आठ ते पंधरा म्हणजे सौम्य. गोळी अजून चालू आहे, बरं वाटायला लागल्यानंतरही निदान वर्ष-दोन वर्षं ठेवतात, आणि कमी करायची तर हळूहळू, त्यांच्या देखरेखीखाली. फोनमधले रेग्युलेटरचे फोटो सगळे पुसले, एका दिवसात नाही, उतरंडीत तेही एक मडकं होतं.

परवा, १४ डिसेंबरला, दत्तजयंतीला आम्ही सगळे नरसोबाच्या वाडीला निघालो. अण्णा आदल्या रात्री मुक्कामाला आले होते. गॅस मी प्रवासाच्या नियमाप्रमाणे एकदा बघितला. कुलूप मी लावलं आणि किल्ली काढली, तोवर अण्णा सवयीनं पुढे झाले. एक, दोन, तीन. "लागलंय," म्हणाले आणि जिना उतरायला लागले. मी त्यांच्यामागून उतरले.

उदगावच्या पुढे गतिरोधकावर गाडी उडाली. नवरा चालवत होता, मी शेजारी. विचार आला, तोच जुना, आणि नजर आरशाकडे गेली. पोटात खड्डा पडला तो मी तसाच राहू दिला. रस्त्याच्या कडेनं उसानं भरलेले ट्रॅक्टर कारखान्याकडे चालले होते, आणि मागच्या सीटवर अण्णा नातीला विचारत होते, बासुंदी आधी घ्यायची की दर्शन झाल्यावर.